प्रवाहाला हातभार

रेक्याविक, १९ ऑगस्ट १९९६

योरुन मावशी,

आई फोनवर म्हणाली, तू अख्ख्या स्त्रांदिर किनाऱ्यावर सांगत फिरतेस की स्वाला सरकारी पगार घेऊन समुद्रात पाणी ओतते. म्हणून हे पत्र.

मी पाणी ओतत नाही. असलेलं पाणी कुठून कुठे जातं ते संगणकाकडून वदवून घेते. तू विणताना चौकटीच्या कागदावर नमुना काढतेस ना, तसे समुद्राचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात पाणी कोणत्या दिशेला आणि किती वेगाने चाललंय याचा आकडा. मग पाण्याचा एक पुंजका, आपण थेंब म्हणू, एका चौकोनात ठेवायचा. तिथला आकडा सांगेल तसा तासभर पुढे ढकलायचा. नव्या जागी पुन्हा आकडा विचारायचा, पुन्हा ढकलायचा. असे चाळीस हजार थेंब, दोनशे दिवस. शिवाय दर पावलाला मी एक फासा टाकते, कारण लहान लहान भोवरे कुठे उठतात ते कुणालाच माहीत नसतं.

आता हे कशासाठी, ते सांगते. मार्चच्या दहा तारखेला बचाव दलाची माणसं इथे येणार आहेत. होडी उलटली की माणूस वाहत कुठे जाईल हे सांगणारं एकच मॉडेल त्यांना घ्यायचंय. एक माझं आहे, एक आमच्या साहेबाचं, स्काप्तीचं. त्याचं घेतलं तर माझी नोकरी मार्चअखेर संपली. आणि त्याचं चूक आहे, मावशी. त्याचे चौकोन इतके मोठे आहेत की तुमचा अख्खा उपसागर चार चौकोनांत संपतो. त्याच्या समुद्रात दोन खाड्यांमधलं, पाण्यात घुसलेलं तुमचं नाकाडं नाही, चर्च नाही, तूही नाहीस. अशा नकाशावर माणसं शोधायला जाणार.

आमची परीक्षाही लागली आहे. चार जूनला जहाजावरून, प्रवाह कुठे नेतो ते पाहायला, चारशे तरंगक सोडले, पार वायव्येच्या टोकापलीकडे. स्काप्ती म्हणतो, सगळे पूर्वेला निघून जातील. माझं मॉडेल म्हणतं, शंभरातले दहा तरी आत वळतील आणि थेट तुमच्या दारात येतील. तेव्हा किनाऱ्यावर लक्ष ठेव.

तुझी
स्वाला

*

स्कारवीक, ३ सप्टेंबर १९९६

स्वाला, देव तुला सांभाळो आणि शहाणपणही देवो,

तुझं पत्र मंगळवारच्या विमानाने आलं. पाकीट चांगलं जाड होतं म्हणून उसवून, उलटं करून त्याच्यावरच लिहिते आहे. तूही तसं करत जा.

तू लिहिलेलं मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा पाद्रीबाईंना वाचून दाखवलं, त्याही हसल्या. देवाने पाणी केलं तेव्हा थेंबांना नंबर घातले नव्हते, ती उणीव आमच्या मुलीने भरून काढली. फाशांचं मात्र मला आवडलं नाही. क्रुसाखाली फासे टाकून कुणाची वस्त्रं वाटून घेतली होती ते तुला रविवारच्या शाळेत मीच शिकवलं होतं.

आता कामाचं. तुझं काही अडावं असं मला वाटत नाही. त्या स्काप्तीच्या समुद्रात मी नाही हे वाचून तर मुद्दाम लक्ष ठेवायचं ठरवलं. तरंगक कसा असतो ते मला ठाऊक आहे, वर्तमानपत्रात चित्र आलं होतं: मोठा पिवळा गोळा, वर काठी. रोज सकाळी दूध तापेपर्यंत खिडकीतून दुर्बीण लावते. पिवळं म्हणशील तर एक रबरी हातमोजा आला, डाव्या हाताचा. धुऊन ठेवलाय, उजवाही येईल. ओंडके मात्र यंदा पुष्कळ. सैबेरियातल्या माणसांना एवढी झाडं पडू देणं कसं परवडतं कोण जाणे. पण आम्ही का तक्रार करावी.

मेंढ्या पुढच्या आठवड्यात डोंगरावरून खाली येतील. तू येणार नाहीस, तुझे थेंब कोण राखेल.

तुझी मावशी
योरुन

(समासात, उभं:) चर्चच्या फलकावरचे स्तोत्रांचे पुठ्ठ्याचे आकडे उंदरांनी खाल्ले, गोंद चांगला होता. पण देवाने सोय केली. किनाऱ्याला लाकडाच्या गोल चकत्या लागताहेत, बशीएवढ्या, वर भोक आणि मधोमध आकडा डागलेला. कुण्या कारखान्याच्या असतील. आजवर नऊ मिळाल्या. खिळ्याला छान बसतात.

*

रेक्याविक, २८ ऑक्टोबर १९९६

मावशी,

उशीर झाला, रागावू नको. इथे वाईट चाललंय.

आतापर्यंत एकतीस तरंगक सापडल्याचं लोकांनी कळवलं. सगळे पूर्वेचे. तुमच्या बाजूचा एकही नाही. चारशेतले चाळीस तुमच्याकडे यायला हवे होते आणि आले शून्य. स्काप्ती रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन माझ्या टेबलाशी येतो, अंगठा आणि बोट जुळवून शून्य दाखवतो आणि जातो. मग दिवसभर गुणगुणतो. त्याला गाता येत नाही.

मी चौकोन आणखी बारीक केले. वारा वाढवून पाहिला, कमी करून पाहिला. फासेही बदलले. काही केलं तरी थेंब उपसागरात वळतातच. मग खरे का वळले नाहीत? मार्चपर्यंत हेच राहिलं तर मी तिथे उभी राहून काय सांगू?

तुझ्या पत्राने बरं वाटलं. समासातलं तेवढं वाचलं नाही. तू उभं लिहितेस, मी बसमध्ये वाचते, मान मोडते. काही महत्त्वाचं असलं तर आडवं लिही.

स्वाला

*

स्कारवीक, १२ नोव्हेंबर १९९६

स्वाला,

समास रिकामा सोडायला मी काही कारखानदार नाही. पण आडवं लिहिते.

पिवळा गोळा नाही. उजवा हातमोजाही नाही. मला तुझं फार वाईट वाटतं. तुझ्यासाठी रोज प्रार्थना करते, आणि स्काप्तीसाठीही करते, पण त्याची लहान.

इकडे गंमत झाली ती ऐक. तुला समासात लिहिलं होतं तेच पुढे. समुद्रातून आलेल्या त्या आकड्यांच्या चकत्या आता तेवीस झाल्या. एकेका चकतीवर पुरता आकडा, सत्तावीस म्हणजे सत्तावीस, तीनशे नऊ म्हणजे तीनशे नऊ. तेव्हा पाद्रीबाईंनी असं ठरवलं की नवे आकडे मागवण्यात पैसा घालायचा नाही. ज्या आकड्याची चकती आली तेच स्तोत्र म्हणायचं. समुद्र धाडेल ते. लोकांनाही बरं वाटलं, कारण रोजची कंटाळवाणी सगळी पूर्वेला वाहत गेली असावीत.

गेल्या शनिवारी पोस्टमनच्या मुलीचं लग्न झालं. तेविसांत लग्नाचं एकही नाही. जवळातलं जवळ म्हणून दोनशे अठ्ठ्याहत्तर लावलं. ते पुरायच्या वेळचं आहे. मी म्हटलं, "पाद्रीबाई, हे बरं दिसतं का?" त्या म्हणाल्या, "योरुन, पहिली दोन कडवी म्हणू. त्यांत कुणी मरत नाही." पण पेटीवाल्याला ते कुणी सांगितलं नाही. तो तिसऱ्यातही शिरला, आणि नवरदेव कबरीत उतरल्यावरच थांबला. नवरीची आई रडली, पण ती रडणारच होती.

चकत्यांचं लाकूड चांगलं आहे, पाण्याने फुगलेलं नाही. मागे पांढऱ्या रंगाचे डाग आहेत, काही लिहिलेलं असेल तर धुऊन गेलं. ते मी घासून स्वच्छ केले.

तुझी मावशी
योरुन

*

रेक्याविक, १९ नोव्हेंबर १९९६

मावशी,

घासू नकोस. आता काहीच घासू नकोस.

त्या चकत्याच माझे तरंगक आहेत. वर्तमानपत्रातला पिवळा गोळा कुणा श्रीमंत देशाचा असेल. आमच्याकडे सुताराने कापलेल्या चारशे चकत्या होत्या. आकडा डागलेला आणि मागे पत्ता, 'सापडल्यास कळवावे' असा. पत्ताही डागून घेऊ म्हणून मी स्काप्तीच्या मागे लागले होते. तो म्हणाला महाग पडतं, रंगाने लिहा. तेवीस, मावशी. तेवीस तुमच्याकडे, आणि त्यांच्यावर तुम्ही लग्नं लावताय.

मी अजून कुणाला बोललेले नाही. आधी पुरावा पुरता हवा. फक्त "स्त्रांदिरला आल्या" म्हणून भागणार नाही. प्रत्येक चकती कोणत्या दिवशी आली, वारा कुठला होता, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे नेमकी कुठे लागली, नाकाडाच्या उत्तरेला की दक्षिणेला. किनाऱ्याला लागलेल्या प्रत्येक काडीची तू वही ठेवतेस हे मला माहीत आहे. तेवढं पान उतरवून पाठव. आडवं.

पाद्रीबाईंना सांग, चकत्या फलकावरच राहू देत. तिथे त्या माझ्या कचेरीपेक्षा सुरक्षित आहेत.

स्वाला

*

स्कारवीक, २६ नोव्हेंबर १९९६

स्वाला,

देवाचं करणं बघ. पण तू पहिल्याच पत्रात "लाकडाची चकती" असं साधं लिहिलं असतंस तर तुझ्या साहेबाचं गाणं बंद झालं असतं. शिकलेल्या माणसांना वस्तूचं नाव घ्यायची लाज वाटते.

सोबत यादी आहे. पहिली चकती ११ ऑगस्टला, शेवटची २ नोव्हेंबरला. वारा दर वेळी ईशान्येचा, किमान तीन दिवस टिकलेला. जागा सगळ्यांची एकच: चर्चचा किनारा, नाकाडाच्या दक्षिणेला. तुला आठवत असेल, उत्तरेची खाडी केटिलची. ती त्याच्या बापाची होती आणि आता त्याची आहे. तिथे काय येतं आणि काय नाही ते त्याला विचारावं लागेल, आणि तो दहा वाजेपर्यंत उठत नाही.

मात्र इतकं खोलात जायची काय गरज ते मला समजलं नाही. उत्तर काय नि दक्षिण काय, चालत वीस मिनिटांचं अंतर. उपसागरात आल्या एवढं पुरे झालं. किनारा तो किनारा.

लवकर निजत जा.

योरुन

*

रेक्याविक, ९ जानेवारी १९९७

मावशी,

नव्या वर्षात सगळं बरं असेल. तू पाठवलेला मासा मिळाला, आईने अर्धा लपवून ठेवला.

पत्र लिहायला इतके दिवस लागले त्याचं कारण सांगते. तुझी यादी मी मॉडेलला लावली. दिवस जुळले. वारा जुळला. जागा जुळली नाही.

माझ्याकडे आत वळलेला प्रवाह नाकाडाच्या उत्तरेला येऊन आपटतो, हातातलं सगळं केटिलच्या खाडीत टाकतो आणि तसाच बाहेर निघतो. दक्षिणेची खाडी नाकाडाच्या आडोशाला राहते. चर्चच्या किनाऱ्याला चाळीस हजारांतला एक थेंबही लागत नाही. एकही नाही. आणि तुझ्याकडे तेवीसच्या तेवीस तिथेच.

तू म्हणशील वीस मिनिटांचं अंतर. पण बचाव दलाला उपसागर सांगून उपयोग नाही, तेवढं स्काप्तीही सांगेल. होडी एका वेळी एकाच खाडीत जाते. थंडीच्या दिवसांत पाण्यातल्या माणसाला दुसरी खाडी मिळत नाही. माझे चौकोन बारीक आहेत म्हणूनच माझं मॉडेल घ्यायचं ना? आणि त्या बारीक चौकोनांतच ते चुकतंय. मी दीड महिना चूक शोधली. नाकाडं तपासलं, खोली तपासली, शेवटी सगळं पुसून नव्याने लिहिलं. थेंब पुन्हा केटिलकडेच जातात.

दुसरं कुणी यादी दिली असती तर मी म्हटलं असतं, या माणसाने अंदाजाने लिहिलंय. पण ती तुझी वही आहे. दुकानदाराने एक बटाटा जास्त दिला म्हणून बर्फातून परत करायला गेलेली बाई आहेस तू. तेव्हा चूक माझीच. बचाव दल येईल त्या दिवशी मी उभी राहून मॉडेल मागे घेणार आहे. चुकीचं मॉडेल देऊन कुणाचा जीव घेण्यापेक्षा नोकरी गेलेली बरी. स्काप्तीला अजून सांगितलेलं नाही. त्याला एवढ्यात गायला नको.

स्वाला

*

स्कारवीक, २१ जानेवारी १९९७

स्वाला,

कोरा कागद घेतला आहे, दोन्ही समास सोडले आहेत. यावरून काय ते समज.

मॉडेल मागे घेऊ नकोस. तुझे थेंब बरोबर आहेत. चकत्या केटिलच्या खाडीतच लागल्या होत्या. तेवीसच्या तेवीस. मी त्या उचलल्या, ओच्यात घातल्या आणि नाकाडावरून चालत चर्चच्या बाजूला आणल्या. वहीत लिहिलं 'चर्चचा किनारा, ईशान्य वारा'. वारा खरा होता.

चकत्यांचंच असतं तर एवढा कागद लागला नसता. तुझे काका गेले त्या वर्षापासून, म्हणजे अकरा वर्षं, हे चाललं आहे. इथला कायदा तुला माहीत आहे. लाकूड ज्याच्या किनाऱ्याला लागलं त्याचं, आणि पाण्यात तरंगतंय तोवर कुणाचंच नाही. चर्चच्या किनाऱ्याची देखरेख माझ्याकडे आली आणि वर्षभरात कळलं की तिथे काहीच येत नाही. कुण्या जमीनदाराने मरताना तो देवाला दिला होता, आता समजतं की का दिला. आणि नाकाडापलीकडे त्या नास्तिकाच्या खाडीत ओंडक्यांचा ढीग. तो खूणही करत नाही, उचलतही नाही. खुर्चीत बसतो आणि लाकूड कुजतं.

म्हणून मी काय करायचे, तो उठायच्या आत होडी घेऊन जायचे. ओंडका आधी पुन्हा पाण्यात लोटायचे. आता तो कुणाचाच नव्हता. मग दोर बांधून नाकाडाला वळसा घालून आपल्या बाजूला आणून सोडायचे. तिथे तो किनाऱ्याला लागायचा, आणि मी चर्चची खूण कोरायचे. मी स्वतःला सांगत असे, मी चोरी केली नाही, प्रवाहाला थोडा हातभार लावला. देवाचाच प्रवाह आहे, आणि लाकूडही देवाच्याच घरी चाललंय. चोरी करू नको ही सातवी आज्ञा मोडली ती अशी, आणि ती झाकायला वहीत आठवी मोडली, खोटी साक्ष देऊ नको ही. वीस मिनिटांचं अंतर मी तुलाही शिकवू पाहिलं.

तुझं पत्र वाचल्यावर बाहेर बर्फाचं वादळ होतं. दोन दिवस बसून राहिले. तिसऱ्या दिवशी वही घेऊन चालत केटिलकडे गेले. अकरा वर्षांत त्याच्या दारातून पहिल्यांदा.

तो म्हणाला, "ये योरुन. आज होडी नाही आणलीस?"

मी म्हटलं, "तुला माहीत होतं?"

"माझी खिडकी कुठे उघडते बघ. पूर्वी गुरुवारी अख्ख्या देशात टीव्ही बंद असायचा. मी तुलाच बघायचो. एकदा तुझा दोर सुटला, तेव्हा खुर्चीतून उठलोसुद्धा होतो."

"मग बोलला का नाहीस रे?"

"बोललो असतो तर तू थांबली असतीस. आणि ते ओंडके मला उचलावे लागले असते."

मी त्याला तुझं सगळं सांगितलं. तू मॉडेल मागे घेणार आहेस हे, आणि ते माझ्यामुळे. त्याने टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "म्हणजे ती पोरगी रेक्याविकला बसून सांगते की सगळं माझ्या खाडीत येतं, आणि तू इथे बसून सांगतेस की येत नाही. आणि तिने तुझं ऐकलं?"

"ऐकलं."

"देवाचं भय बाळगणाऱ्या माणसांनी फार नुकसान केलंय," तो म्हणाला आणि चष्मा शोधायला लागला.

अकरा वर्षांची वही आम्ही ओळीने वाचली. मी बोट ठेवायचे, तो "माझा" म्हणायचा. दोनशे चौदा ओंडके. दोन तास लागले. त्याने तीनदा कॉफी केली, तिन्ही वेळा वाईट. शेवटी त्याने विचारलं, "एवढं लाकूड गेलं कुठे?" मी म्हटलं, "चर्चला नवं छप्पर घातलं ना, त्यात." तो म्हणाला, "म्हणजे छप्पर कायद्याने माझं?" मी म्हटलं, "कायद्याने तुझंच." त्यावर तो मान वर करून आपल्या छताकडे बघू लागला. मला ते बरं वाटलं नाही.

सोबत माझा जबाब आहे: मी, योरुन ब्रांदसदोतिर, शपथेवर लिहून देते की तेवीसही चकत्या नाकाडाच्या उत्तरेला, केटिलच्या खाडीत, यादीतल्या त्या त्या दिवशी लागल्या आणि मी त्या लबाडीने हलवल्या. खाली माझी सही, आणि ज्याची चोरी झाली त्या पक्षाची सही साक्षीदार म्हणून. वहीही पाठवते. जपून वापर, आणि सगळ्यांसमोर वाच. माझं नाव गाळू नकोस, गाळलंस तर ते कागद कुणाच्या उपयोगाचे नाहीत.

तुझी मावशी
योरुन

*

रेक्याविक, ११ मार्च १९९७

मावशी,

काल झालं.

स्काप्ती आधी बोलला, त्याचे चार चौकोन दाखवले आणि माझं शून्य दाखवलं, या वेळी पडद्यावर. मग मी उठले आणि तेवीस आकड्यांची यादी लावली. मग तुझा जबाब पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत वाचला. 'ओच्यात घातल्या' इथे एक जण खोकला, 'लबाडीने' इथे सगळेच.

स्काप्ती म्हणाला, "म्हणजे आपला पुरावा एका चोर बाईच्या सांगण्यावर उभा आहे. अकरा वर्षं जिने खोटं लिहिलं, तिने आता खरं लिहिलं कशावरून?"

मी काही बोलायच्या आत बचाव दलाचा कप्तान बोलला. जाडजूड माणूस, तोवर नुसता वड्या खात होता. म्हणाला, "वीस वर्षं मी लोकांचे जबाब घेतोय. स्वतःला वाचवायला खोटं बोलणारे शेकड्यांनी पाहिले. स्वतःला चोर ठरवायला खोटं बोलणारा एकही नाही. शिवाय ज्याची चोरी झाली त्याने खाली सही केली आहे. असा कागद माझ्या हातात कधी आलेला नाही."

मग त्याने मला एकच विचारलं. ईशान्येचा वारा आहे, तीन दिवस टिकलाय, उपसागरात माणूस पडला आहे, माझ्याकडे एक होडी आहे. कुठे पाठवू?

मी म्हटलं, नाकाडाच्या उत्तरेला.

त्याने स्काप्तीलाही विचारलं. स्काप्ती म्हणाला, "सांगता येत नाही, त्याला अजून मोजमापं लागतील." कप्तान म्हणाला, "पाण्यातल्या माणसाला आधी होडी लागेल."

माझं मॉडेल घेतलं, मावशी. मी मार्चनंतरही इथेच आहे. स्काप्ती आज गायला नाही. बाहेर आल्यावर मी जिन्यात बसून रडले. तुझी वही सोबत परत पाठवते आहे. त्यांनी प्रत करून घेतली, चोरलेल्या ओंडक्यांसकट. दोनशे चौदा ओंडके, दिवस आणि वाऱ्यासकट. स्काप्ती म्हणाला की अशी नोंद अख्ख्या देशात नाही, आणि ते म्हणताना त्याचं तोंड बघायला तू हवी होतीस.

तुझं आता गावात काय होईल, तेवढी मला काळजी वाटते.

स्वाला

*

स्कारवीक, १८ मार्च १९९७

स्वाला,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. मी आधी गुडघे टेकले आणि मग वाचलं, म्हणजे काहीही असलं तरी उठायला नको. तू राहिलीस. एवढं मागितलं होतं, त्याहून जास्त मागायचं तोंड मला नव्हतं.

तू विचारतेस गावात काय झालं. तर ऐक. जे तिकडे परक्यांसमोर वाचलं गेलं ते इथल्यांना माझ्याच तोंडून कळायला हवं होतं. रविवारी प्रवचनाआधी मी पाद्रीबाईंना सांगून उभी राहिले. सगळं सांगितलं. होडी, दोर, अकरा वर्षं, छपराची लाकडं. खाली बघूनच सांगितलं. मग पोस्टमन उठून म्हणाला की छपराचं काय करायचं ते समितीने ठरवावं, कायद्याने ते आता चर्चचं राहिलं नाही. पेटीवाला म्हणाला, उतरवायचं तर उन्हाळ्यात उतरवा.

तेवढ्यात दार उघडलं आणि केटिल आला. त्याला या दारातून आत येताना कुणी शेवटचं पाहिलं, तर तो दृढीकरणाच्या विधीला, श्रद्धेची शपथ घेताना, चौदा वर्षांचा. कोट झाडला, टोपी काढली नाही.

पाद्रीबाई म्हणाल्या, "या, केटिल. आपल्याला काही बोलायचंय का?"

तो म्हणाला, "नाही. माझ्या छपराखाली बसायला आलोय. त्याला परवानगी लागते का?"

"नाही लागत."

"मग चालू द्या."

आणि तो माझ्याच बाकावर बसला, दुसरीकडे जागा असून. स्वाला, या माणसासाठी मी तीस वर्षं प्रार्थना केली होती. एकदाही काही झालं नाही. आणि चोरीने त्याला आणून बसवलं. हे कुठल्या खात्यात धरायचं ते मी पाद्रीबाईंना विचारणार आहे, पण इतक्यात नाही.

स्तोत्र सुरू झालं. तो म्हणत नव्हता. मान मागे टाकून वर तुळया मोजत होता, पहिलीपासून, एकेकीवर नजर थांबवून. दुसरं कडवं संपता संपता तो माझ्याकडे झुकला आणि म्हणाला, "योरुन, दाराकडून तिसरी माझी नाही. ती खरंच तुमच्या बाजूला लागली होती. मी बघितली होती."